घोडी आणि गोड विहीर

फार फार पूर्वी, इतक्या पूर्वी की त्या राजाचं नाव आता कोणालाच आठवत नाही, डोंगरांनी वेढलेलं एक नगर होतं. नगराला तट होता, पेठ होती, उंच शिखराचं देऊळ होतं. पण पाहुणा आला की नगरातली माणसं त्याला यातलं काही दाखवायची नाहीत. आधी त्याला चौकातल्या विहिरीवर न्यायची.

त्या विहिरीचं पाणी गोड होतं. चारी दिशांच्या मुलखात असं पाणी नाही, अशी तिथल्या लोकांची खात्री होती. चारी दिशांचा मुलूख त्यांच्यापैकी फारसा कोणी पाहिला नव्हता, ही गोष्ट वेगळी.

नगरात नवीन कोणीही येवो, जावई असो, सून असो, की दुभती गाय असो, त्याला विहिरीच्या कट्ट्यापाशी उभं करायचं, पहिली ओंजळ पाजायची आणि जमलेल्या सगळ्यांनी एका सुरात विचारायचं, "गोड आहे ना?" नवख्याने म्हणायचं, "गोड आहे." मग हळदकुंकू, मग गूळखोबरं, मग घरी. गाईबैलांना बोलता येत नाही, पण त्यांनी मान कशीही हलवली तरी ती होकाराची धरायचा रिवाज होता.

आणि एक नियम होता. विहिरीच्या आसपास मीठ आणायचं नाही. एक कण जरी पडला तरी पाण्याची गोडी जाईल, अशी समजूत होती. मिठाचे व्यापारी आपले बैल वेशीबाहेरच थांबवायचे, आणि मीठ घेऊन येणाऱ्या बायका चौक टाळून तटाच्या कडेकडेने घरी जायच्या.

नगराच्या टोकाला राजाची पागा होती. शंभर घोडे, त्यांची निगा राखणारे तीस मोतद्दार, आणि त्या सगळ्यांवर एक वृद्ध पागेदार. पागेदाराला घोड्यातलं सगळं कळतं असं लोक म्हणत, आणि ते खरंही होतं. घोड्याच्या नुसत्या टापांवरून तो सांगायचा की कोणत्या पायाचा नाल सैल झालाय. चाळीस वर्षांत त्याच्या दावणीला आलेला एकही नवा घोडा दगावला नव्हता. हे तो स्वतः कधी बोलायचा नाही. बोलायची गरजच पडायची नाही, बाकीचे सगळे सारखे बोलत असायचे.

या पागेदाराच्या घरी चार महिन्यांपूर्वी सून आली होती. दूर खाडीकाठच्या गावातली. तिच्या माहेरचं पाणी मचूळ, म्हणजे धड गोड नाही, धड खारं नाही, असं. "सुटली बिचारी त्या पाण्यातून," असं लग्नात चार बायका तिच्यासमोरच म्हणाल्या होत्या. सून कमी बोलायची. त्यामुळे लोक तिच्यासमोर बरंच काही बोलायचे, आणि ती ते ऐकून ठेवायची.

तिलाही कट्ट्यावर उभं केलं होतं. तीही ओंजळभर पाणी प्यायली आणि "गोड आहे" म्हणाली. खरं सांगायचं तर ते पाणी तिला कशासारखंच लागलं नव्हतं. समोरच्याने बोलायला तोंड उघडावं आणि काहीच बोलू नये, तसं ते पाणी होतं. पुढचे कित्येक दिवस ती तांब्यामागून तांब्या प्यायची, पण तहान जागच्या जागी. शेवटी एका दुपारी तिने चुलीमागच्या मडक्यातून मिठाचा एक खडा घेतला, गुपचूप तांब्यात टाकला आणि घटाघट पाणी प्यायली. दुसऱ्या आठवड्यात खडा लहान झाला. मग चिमूट झाली. दोन महिन्यांनी तिला काहीच घालावं लागेना. हे तिने कोणालाही सांगितलं नाही. त्या नगरात, त्या विहिरीच्या पाण्यात मीठ! चोरी केली असती तरी लोकांनी समजून घेतलं असतं.

तर अशा त्या नगरात एके दिवशी एक घोडी आली.

समुद्राकाठच्या राजाने ती मैत्रीची भेट म्हणून पाठवली होती. तांबड्या-पांढऱ्या डागांची, लांब पायांची, मोठ्या डोळ्यांची अबलख घोडी. तिला पाहायला सगळं नगर चौकात लोटलं. घोडीला ओवाळलं, कपाळाला कुंकू लावलं आणि विहिरीच्या पाण्याची बादली पुढे धरली.

घोडीने तोंड खाली घातलं. ओठ पाण्याला लागले. वरचा ओठ दाताच्याही वर गेला, आणि तिने मान जोरात झटकली.

"गोड म्हणाली! गोड म्हणाली!" लोक ओरडले. टाळ्या पडल्या. गूळखोबरं वाटलं गेलं.

गर्दीत मागे उभ्या असलेल्या सुनेने मात्र तो वर गेलेला ओठ पाहिला. चार महिन्यांपूर्वी तिचाही ओठ तस्साच वर जाणार होता. पण डोक्यावर पदर होता, समोर सगळं नगर होतं, आणि ओठाला खाली राहायची सवय लावलेली होती.

पागेत घोडीसाठी सगळ्यात हवेशीर जागा काढली. खाली सुकं गवत अंथरलं. हरभरे, कोंडा, हिरवा घास, काही कमी नव्हतं. घोडी थोडंफार खायची. पण पाण्यापाशी आली की ओठ बुडवायची, दोन घोट कसेबसे घ्यायची आणि तोंड फिरवायची.

पहिल्या दिवशी लोक म्हणाले, "दमली असेल." दुसऱ्या दिवशी म्हणाले, "लाजते." तिसऱ्या दिवशी घोडीची कूस आत गेलेली दिसायला लागली, तेव्हा मात्र जो तो शहाणा झाला.

घोडेवैद्याने ओवा-हिंगाचा गोळा चारला. एका मोतद्दाराच्या बायकोने दृष्ट काढली. कोणी म्हणालं, जागा उत्तरेकडे तोंड करून हवी, ती केली. कोणी म्हणालं, दक्षिणेकडे, तीही केली. शेवटी घोडीलाच कळेना आपण कुठे उभे आहोत.

सून रोज दुपारी पागेत भाकऱ्या पोचवायला यायची आणि घोड्यांचे हरभरे निवडून जायची. हात हरभऱ्यात असले तरी डोळे मोकळे असतात. तिने पाहिलं की घोडी मागच्या भिंतीला जीभ लावते. त्या भिंतीला ओल येऊन लोणा फुटला होता, पांढरा, खारट. म्हातारा मोतद्दार खरारा करून घामाघूम झाला की घोडी त्याचा खांदा चाटायची.

"बघा, बघा!" म्हातारा सगळ्यांना सांगायचा. "किती लळा लागलाय माझा! बायकोने आयुष्यात इतकी माया केली नाही."

"बायकोला घामाचा वास येत असेल, काका," दुसरा म्हणायचा.

"हिला येत नाही तो?"

"हिला सर्दी असेल."

सगळे हसायचे. सून हरभऱ्यातले खडे बाजूला काढत राहायची. तिला काय ते कळून चुकलं होतं.

घरी तिने नवऱ्याला सांगितलं. तो पागेतच काम करायचा, मनाने चांगला होता, पण वडिलांपुढे त्याचा आवाज फुटायचा नाही.

"अहो, ती आजारी नाही. तिला हे पाणी लागत नाही. समुद्राकाठची आहे ती. थोडं मीठ घालून द्या, पिईल."

नवऱ्याने आधी दार लावलं. "अगं, हळू बोल! आपल्या विहिरीच्या पाण्यात मीठ? आणि तुला कसं माहीत?"

सुनेने चुलीमागच्या मिठाच्या मडक्याकडे पाहिलं.

"बाबांना चाळीस वर्षं झाली पागेत. त्यांना कळत नाही आणि चार महिन्यांपूर्वी आलेल्या तुला कळतं, असं लोक म्हणतील. शिवाय विहिरीला नावं ठेवली असंही म्हणतील. तू तर कट्ट्यावर उभी राहून 'गोड आहे' म्हणालीस ना?"

"म्हणाले."

"मग झालं तर."

झालं तर झालं. पण तहान काय असते हे सुनेला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी भाकऱ्या घेऊन निघताना तिने पदराच्या टोकाला मूठभर मीठ बांधलं. पागेत दुपारी सगळे जेवायला बसले की घोडीकडे कोणी नसायचं. नेमकं त्याच सकाळी गावच्या तांबटाने तांब्याचं नवंकोरं घंगाळ आणून ठेवलं होतं. घोडी राजघराण्यातली, तिला लाकडी बादली चालत नसेल, असा त्याचा तर्क. सुनेने पदराची गाठ सोडली, मीठ घंगाळात टाकलं आणि हाताने ढवळलं.

घोडीने नाक खाली आणलं. कान पुढे झाले. आणि ती प्यायला लागली. घोटागणिक गळ्याखालून गोळा सरकताना दिसत होता. अर्धं घंगाळ रिकामं करूनच तिने तोंड वर काढलं, आणि ओल्या ओठांनी सुनेची ओंजळ हुंगली. सुनेला हसू आलं आणि रडूही आलं. दोन्ही आवरून ती हरभऱ्याकडे वळली.

"प्यायली! अरे, प्यायली!" म्हातारा मोतद्दार ओरडला. तांबटाला निरोप गेला. तो आला, घंगाळाकडे पाहिलं, घोडीकडे पाहिलं आणि म्हणाला, "तांब्याचा गुण." त्या आठवड्यात नगरात नऊ घंगाळं विकली गेली.

पाच दिवस असेच गेले. सून रोज गुपचूप मीठ घालायची आणि घोडी दिवसभराचं पाणी दुपारीच पिऊन घ्यायची. तिची कूस भरली. अंगावर तकाकी आली. सुनेने मनात ठरवलं होतं की थोड्या दिवसांनी मीठ कमी करत आणायचं, जसं आपलं कमी केलं. कोणाला न दुखवता, कोणाला न कळता सगळं सुरळीत होईल. चांगलं काम लपून केलं की ते चांगलंच राहतं, असं तिला वाटत होतं.

पण लपलेल्या गोष्टीवरून कोणी काही शिकत नाही. पागेदार शिकला ते एवढंच, की घोडीला पाणी मानवलं.

आणि म्हणून तो म्हणाला, "आता हिला विहिरीपाशीच बांधू. ताजं पाणी, थेट रहाटावरून!"

विहिरीला लागून दगडी खांबांची एक सुंदर जागा होती. राजाला सर्वांत आवडणाऱ्या घोड्यालाच तिथे बांधत. मोठा मान होता तो. पागेदाराच्या मनात घोडीबद्दल मायाच होती, हे कोणी विसरू नये. तिच्यासाठी त्याच्याकडे जे सगळ्यांत चांगलं होतं, तेच तो देत होता.

सुनेचा हात हरभऱ्यात थांबला. संध्याकाळी ती सासूबाईंजवळ बसली. सासूबाई तांदूळ पाखडत होत्या.

"आत्याबाई, घोडी पागेतच राहिली तर?"

"का गं?"

"इथे रुळलीय म्हणून."

"अगं, रुळलीय म्हणूनच नेतायत ना!" सासूबाई म्हणाल्या. मग सूप खाली ठेवून त्यांनी सुनेकडे जरा निरखून पाहिलं. "आणखी काही सांगायचंय का?"

सांगायचं तर होतं. पण ते सांगायचं म्हणजे 'मी कट्ट्यावर खोटं बोलले' इथूनच सुरुवात करावी लागली असती. सून म्हणाली, "नाही."

घोडी चौकात गेली. तिथे सकाळपासून दिवेलागणीपर्यंत माणसांची ये-जा. पाण्याला आलेल्या बायका, मुलं, फुलवाल्या. पागेतले दोघे कायम पहाऱ्याला. मीठ घालायचं राहू दे, पदराची गाठ सोडायलाही आडोसा नव्हता. त्यातून ती विहिरीची जागा. तिथे मीठ घेऊन जायची सुनेची छातीच होईना.

एक दिवस गेला. रहाटावरून ओढलेलं ताजं, थंड पाणी घोडीपुढे ठेवलं. घोडीने ओठ लावला आणि तोंड फिरवलं. दुसरा दिवस गेला. तांबट घंगाळ घासून पुसून घेऊन आला, "तांब्याचा गुण" असं पुन्हा म्हणाला, पण या वेळी जरा हळू.

तिसऱ्या दिवशी घोडीने खाणं सोडलं. ती सारखी वळून आपल्या पोटाकडे पाहायची, पुढच्या पायाने जमीन उकरायची. आणि सूर्य डोक्यावर आला तेव्हा ती गुडघ्यांत वाकली, आणि आडवी झाली.

घोडेवैद्य धावत आला. पोटाला कान लावून बराच वेळ बसला. उठला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"पोटातला चारा सुकून घट्ट झालाय," तो म्हणाला. "आतून काही आवाज नाही. भरपूर पाणी गेलं तर सुटेल. नळीने घालू नका, श्वासात जाईल. तिने आपणहून प्यायला हवं. दिवस कलायच्या आत प्यायली तर ठीक. नाहीतर माझ्याकडे दुसरं औषध नाही."

पागेदार खाली बसला. त्याने घोडीचं डोकं मांडीवर घेतलं. घंगाळ तोंडाशी आणलं. "पी गं बाई," तो म्हणाला. "सगळ्या मुलखात असं पाणी नाही. पी." हाताने तिचे ओठ ओले केले. घोडीने जीभ बाहेर काढली, आणि पाणी तसंच ओघळू दिलं. इतका जाणता माणूस, पण त्या क्षणी तो कोणाही म्हाताऱ्यासारखा दिसत होता.

तेवढ्यात सून भाकऱ्यांची टोपली घेऊन चौकात पोचली. पडलेली घोडी तिने पाहिली, मांडीवरचं डोकं पाहिलं. भोवती सगळं नगर उभं होतं, घोडीच्या स्वागताच्या दिवशी होतं तसं. पदराच्या टोकाला गाठ होती. तीन दिवस ती मीठ बांधून निघत होती आणि चौकाच्या वळणावरून परत फिरत होती.

तिने टोपली खाली ठेवली आणि गर्दीतून वाट काढत पुढे गेली.

"मामंजी," ती म्हणाली. सासऱ्यांशी सगळ्यांसमोर ती पहिल्यांदाच बोलत होती, त्यामुळे आवाज तिलाच अनोळखी वाटला. "तिला हे पाणी गोड लागत नाही."

चौकातल्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

"पागेत प्यायली ती घंगाळामुळे नाही. मी त्यात मीठ घालत होते."

"मीठ?" कोणीतरी किंचाळलं. "विहिरीच्या पाण्यात मीठ?"

"हो. ती समुद्राकाठची आहे. तिकडचं पाणी मचूळ असतं. जन्मापासून तीच चव. आपलं पाणी तिला पाणीच वाटत नाही."

देवळाचे पुजारी पुढे झाले. "आणि हे तुला कोणी सांगितलं, सूनबाई?"

आता मागे फिरायला जागा नव्हती. नवरा मान खाली घालून उभा होता. सासूबाई रहाटाजवळ होत्या, त्यांच्या चेहऱ्यावरचं काही वाचता येत नव्हतं.

"कोणी नाही," सून म्हणाली. "मलाही गोड लागलं नव्हतं. मी कट्ट्यावर 'गोड आहे' म्हणाले ते खोटं होतं. दोन महिने मी तांब्यात मिठाचा खडा टाकून पाणी पीत होते. मग सवय झाली. घोडीलाही होईल, मामंजी. पण आज नाही होणार."

तिने पदराची गाठ सोडली आणि तळहातावरचं मीठ पुढे धरलं. विहिरीपासून चार हातांवर, भर दुपारी.

एकच कल्लोळ झाला. "मागे हो! मागे हो!" "विहीर बाटेल!" "हिला कोणी आणली या घरात?" दोघाचौघांनी हात पुढे केले.

पागेदाराने मान वर केली. त्याने सुनेकडे पाहिलं, मग मिठाकडे. चाळीस वर्षांत घोड्याबद्दल त्याने कोणाला काही विचारलं नव्हतं. सगळे त्यालाच विचारायचे. त्याने दोन्ही हातांनी घंगाळ तिच्याकडे सरकवलं.

"किती घालायचं?" त्याने विचारलं.

"मूठभर."

"पागेदार, विचार करा!" पुजारी म्हणाले. "विहिरीची गोडी गेली तर नगर तुम्हाला विचारेल."

"विहिरीत टाकत नाही, गुरुजी, घंगाळात टाकतोय," पागेदार म्हणाला. "आणि गोडी जायचीच असेल, तर ती या घोडीने इथे तडफडून जीव सोडल्यावर जाईल. घाल गं पोरी."

तिने मीठ घातलं, ढवळलं. पागेदाराने आधी स्वतः ओंजळभर पाणी घेतलं आणि प्यायला. त्याचं तोंड वाकडं झालं.

"हे आवडायचं तुला?"

"हे घरचं लागायचं," सून म्हणाली.

घंगाळ घोडीच्या तोंडाशी आलं. नाकपुड्या हलल्या. कान, जे मघापासून लोंबत होते, ते एकामागून एक पुढे झाले. मग तिने तोंड बुडवलं. पहिले दोन घोट अगदी सावकाश, आणि मग थांबेचना. घंगाळ संपलं. दुसरं भरलं, त्यातही मीठ घातलं. तेही अर्धं संपलं.

वैद्य पोटाला कान लावून बसून होता. सावल्या लांब व्हायला लागल्या, तेव्हा तो एकदम सरळ झाला. "गुडगुडतंय," तो म्हणाला. इतक्या आनंदाने हा शब्द त्या नगरात कोणी कधी उच्चारला नसेल. थोड्या वेळाने घोडी धडपडत उभी राहिली. पागेदाराने तिला चौकात सावकाश फिरवलं, आणि चौथ्या फेरीला तिने चौकाच्या मधोमध भलीमोठी लीद टाकली. जणू फुलंच पडली, अशा नजरेने लोकांनी त्या लिदीकडे पाहिलं.

मग लोकांना आठवलं की आपल्याला रागवायचं होतं. पुजाऱ्यांनी घसा साफ केला. "घोडी वाचली, चांगलं झालं. पण सुनेने कट्ट्यावर खोटं बोलावं, हे काही—"

"मला ते पाणी वर्षभर राखेसारखं लागायचं."

सगळ्यांनी वळून पाहिलं. सासूबाई बोलल्या होत्या.

"मी डोंगरापलीकडची," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे झऱ्याचं पाणी. त्याला मुळ्यांचा वास असायचा. त्या वासावाचून मला इथे घास उतरायचा नाही. पस्तीस वर्षं झाली. कोणाला सांगितलं नाही, कारण कोणी विचारलंच नाही. 'गोड आहे ना' असं विचारलं होतं. त्याला उत्तर एकच असतं."

"आमच्याकडे पाण्यात वाळा टाकायचे," मागून एक म्हातारी म्हणाली.

"आमचं नदीचं गढूळ होतं. मला इथलं पाणी बघून भीतीच वाटली होती, तळ दिसतो म्हणून," आणखी एकजण म्हणाली.

"मी तर माहेरी गेले की आधी रांजणाकडे धावायचे."

पुजाऱ्यांनी बायकोकडे पाहिलं. ती आकाशाकडे पाहत होती.

तेव्हा कुठे नगराच्या लक्षात आलं. घराघरात अर्धी माणसं बाहेरून आलेली होती. त्या प्रत्येकाने कट्ट्यावर उभं राहून तेच उत्तर दिलं होतं, आणि त्या उत्तरांच्या जोरावर नगराने आपला अभिमान उभारला होता.

त्याच दिवशी पागेदाराने घोडीला पुन्हा पागेत, लोणा आलेल्या भिंतीपाशी नेलं. तिथे शेजारी एक शांत म्हातारा घोडा बांधला. रोज सकाळी पागेदार स्वतः मीठ मोजायचा आणि सुनेला विचारायचा, "आज किती?" पहिले चार दिवस मूठ. मग अर्धी मूठ. मग चिमूट. एकविसाव्या दिवशी घंगाळात मीठ नव्हतं. घोडीने ओठ लावला, क्षणभर थांबली, आणि पिऊ लागली.

महिन्याने राजा घोडी पाहायला आला. ती आता झळकत होती, हाक मारली की मान वळवत होती. राजा खूश झाला. "पागेदार," तो म्हणाला, "शेवटी आपल्या विहिरीच्या पाण्याने हिला आपलंसं केलंच म्हणायचं!"

भोवतीचे सगळे हसून माना डोलवू लागले. हो म्हटलं असतं तर त्याच क्षणी शेला अंगावर पडला असता.

"नाही, महाराज," पागेदार म्हणाला. "आमच्या पाण्याने तिला जवळजवळ मारलं होतं. आधी आम्हाला तिच्या पाण्याकडे जावं लागलं. मग ती आमच्या पाण्याकडे आली. आणि हे मला माझ्या सुनेने शिकवलं."

 राजाने आपल्या खांद्यावरचा शेला काढला, आणि विचारलं, "कुठे आहे ती?"

ती मागे हरभरे निवडत होती. शेला तिने घेतला, नमस्कार केला आणि पुन्हा कामाला बसली; हरभरे अजून अर्धे निवडायचे होते.

राजाच्या आज्ञेने विहिरीच्या कट्ट्यावर एक झाकणाचं मडकं आलं, मिठाचं. ज्याला हवं त्याने चिमूट घ्यावी, कोणी विचारू नये. विहिरीची गोडी काही गेली नाही. उलट त्या नगरात येऊन राहिलेली माणसं काही महिन्यांनी आपणहून म्हणू लागली की पाणी गोड आहे, आणि आता ते खरं असायचं.

लहानथोरहो, या गोष्टीचा बोध एवढाच: नव्याने आलेल्याला आपलंसं करायचं असेल, तर आधी चार दिवस आपण त्याचं व्हावं.